बारावा भाग

अयुथ्थयात, इस्त्रीच्या दुकानात,
बुसाबामावशी मालिका बघते
एक हात इस्त्रीवर ठेवून.
मी शेजारी, वही मांडीवर.
परीक्षण उद्या अकरापर्यंत द्यायचंय.

नायिका आरशातून पडते ती थेट
साडेतीनशे वर्षं मागे, नदीत,
आणि वर येते तर काजळ जागच्या जागी.
"डाससुद्धा नाहीत त्या काळात," मावशी म्हणते. "लिही."
लिहिते.
"आणि तो हिरवा काष्टा बघ. त्याच्या चुण्या माझ्या.
राजाच्या काळातल्या चुण्या
मंगळवारी दुपारी घातल्यात मी,
पैसे अजून यायचेत."
तेही लिहिते.

नायक म्हणतो, कुठल्याही शतकात तुला ओळखेन.
मावशी वाफ सोडते.
कुणाच्या तरी शाळेच्या सदऱ्यावर.

मग माशांच्या सॉसची जाहिरात.
तेवढ्यात, पडद्याकडेच बघत:
"मला नाही गं एवढं लांब जायचं.
पुराच्या वर्षीचा एक गुरुवार पुरे.
प्रापन होडी सोडत होता.
मी म्हणाले, येताना लिंबं आण.
एवढंच म्हणाले.
वर बघितलंसुद्धा नाही,
गिऱ्हाइकाची कॉलर होती हातात."

जाहिरात संपते.
नायिका परत येते, येणारच होती,
मुठीत चाफा, तीन शतकं न सुकलेला.
"किती तारे?" मी विचारते.
"साडेतीन. अर्धा चुण्यांचा."
आणि मग, इस्त्री उभी करून,
"लिंबांचं नको लिहूस."

नाही लिहिलं.
कथानक सैल, संवाद लांब,
वेशभूषा उत्तम.