विरजण

सकाळी आठच्या आत टुक्का डबा आणून देतो.
बाहेर उणे एकोणीस, कल्लावेसी सरोवर गोठून पांढरं,
आणि त्याच्या पाठपिशवीत, लोकरी टोपीत गुंडाळलेला,
अजून कोमट असा तो डबा.
"आज जरा कमी आहे," तो ओशाळून म्हणतो,
जणू रतिबाचं दूध कमी पडलंय.

मी वजन करते. एकशे बारा ग्रॅम.
मिठाचं पाणी, चाळण, थोडं ग्लिसरीन,
नळ्यांवर क्रमांक, मग उणे ऐंशीचं कपाट.
वासाची सवय तिसऱ्या दिवशी होते.
काय काम करता, हे लोकांना सांगायची
अजून झालेली नाही.

त्याच्या एकाच सकाळच्या दोन नळ्या
दोन पोटांत गेल्या.

सिल्वीबाई, एक्क्याऐंशीच्या,
तीन महिन्यांच्या जुलाबांनी चादरीइतक्या पातळ.
अँटिबायोटिक्सनी आतली सगळी वस्ती उठवलेली,
दारं सताड उघडी,
फक्त एक गुंड जंतू उंबऱ्यावर पाय पसरून.
टुक्काचे आले. राहिले. चुली मांडल्या.
चौथ्या दिवशी सिल्वीबाईंनी बटाटे मागितले,
लोणी घालून, वर शेपू भुरभुरून.

राइमो सेहेचाळीसचा, लाकडाच्या गिरणीत करवतीवर.
कोलायटिसची अकरा वर्षं.
त्याचं पोट रिकामं नव्हतंच कधी.
आत जुने रहिवासी, चिवट, भांडखोर,
एकमेकांच्या उष्ट्यावर जगणारे,
पित्ताचा हिशेब आपापसात मिटवलेले.
पाहुणे आले. दोन आठवडे तक्त्यावर दिसले,
एक निळी रेघ.
आठव्या आठवड्यात रेघ नव्हती.
रक्त पडत होतं तसंच पडत राहिलं.

डॉक्टर मेर्वी म्हणाल्या, दाता उत्तम होता.
म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी तुमचंच पोट वाचू,
कोण बसलंय, काय खातंय, फट कुठे आहे,
मग बघू कुणाचं द्यायचं.
राइमोनं विचारलं, "म्हणजे चूक माझ्या पोटाची?"
त्या नाही म्हणाल्या,
पण जरा उशिरा.
त्याच्या नखांत भुसा होता. तो कोरत बसला.

घरी माझ्या फळीवर विलीची वाटी असते,
दह्यासारखीच, फक्त चमच्याला तार सुटते.
विरजण शेजारच्या हिल्काचं.
पहिला महिनाभर अगदी तिच्यासारखं लागलं,
आता वेगळं लागतं. वाईट नाही. हिल्काचं नाही, इतकंच.
माझं दूध, माझी वाटी, खिडकीच्या फटीतली हवा,
यांनी आतल्या आत काहीतरी ठरवलं
आणि मला विचारलं नाही.

आज टुक्का दाराशी घुटमळला, बुटांवरचा बर्फ झटकत.
"कुणाला देता ते सांगायचं नसतं, ठाऊक आहे.
पण लागतं का?"

सांगू नये ते मी सांगितलं:
"एका बाईंनी बटाटे मागितले."
तो हसला. कान आधीच थंडीनं लाल होते,
आणखी झाले.
दुसऱ्या नळीचं मी पोटातच ठेवलं.

तो गेल्यावर कपाट उघडलं, धुकं बाहेर आलं.
वरच्या कप्प्यात राइमोचा स्वतःचा नमुना आहे,
त्यावर मेर्वीबाईंच्या तिरक्या अक्षरात:
आधी हा.