पंचवीस मायक्रॉनखाली

गिरणीची चार सेकंदं
म्हणजे आमच्या संगणकाचे एकोणीस तास.
संध्याकाळी रन लावून मी खिडकी ओढून घेते.
बाहेर रेडीचा लाल उतार, खाली बंदरात रिकामा बार्ज,
आणि शेडमधून येणारा तो खराखुरा आवाज
ज्याचं मी पडद्यावर मुकं नाटक मांडलंय.

दोन लाख दहा हजार गोटे, सगळे गोल.
खनिज गोल नसतं, मला माहीत आहे.
पण टोकदार दगड मोजायला घेतले
तर तासांचे दिवस होतात
आणि माझ्याकडे महिनाअखेरपर्यंतची मुदत.
पोलादी गोळे निळे, खनिज तांबडं.
पिंप फिरतं, गोळे खांद्यापर्यंत चढतात,
तिथं क्षणभर विचारात पडल्यासारखे,
मग कोसळतात.
दर धक्क्याला एक आकडा.
आकडा हद्दीपार गेला की गोटा नाहीसा,
त्याच्या जागी अकरा लहान,
वाटण्या आधीच ठरलेल्या.

आणि हद्दीपार न गेलेला धक्का?
तो मी पहिल्या महिन्यात सोडूनच दिला होता.
फुटला नाही म्हणजे धड आहे.
पण पडद्यावरचा माल जाड यायचा, चाळणीतला बारीक.
मग आई आठवली.
वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात बावीस वर्षं,
अख्ख्या गराला एक भाव, पाकळीला निम्मा,
कणीला काहीच नाही.
(कणी ती पदरात बांधून आणायची. आम्ही तीच खाल्ली.)
म्हणायची, पाती चुकलेली बी वेगळी ठेव गो,
वरून काय दिसत नाय, आत मार बसलेलो असता.
दुसऱ्यांदा नुसतो हात लावलंस तरी दोन.

मी समीकरणात एक पद वाढवलं.
प्रत्येक गोट्याला त्याचे जुने धक्के लक्षात ठेवायला लावले.
आलेख जुळले.
पुण्याच्या साहेबांनी विचारलं, संदर्भ कोणता?
प्रयोगशाळेतला, म्हटलं.
अगदीच खोटं नव्हतं ते.

रात्रपाळीला बाबली धुरी असतो.
त्याला पडदा दाखवला.
जत्रेतल्या पाळण्याकडे बघावं तसा बघत राहिला,
मग म्हणाला, "आवाज खंय?"
आवाज नाही, म्हटलं. ऊर्जा आहे, वॅटमध्ये.
त्यानं मला शेडमध्ये नेलं, बोल्टांच्या रांगेपाशी उभं केलं.
"आयक. गोळो गोळ्यार पडता तो आवाज येगळो,
दगडार पडता तो येगळो.
आता तिका भूक लागली हा."
पट्टा जरा जोरात सोडला त्यानं.
आवाज खोल गेला,
तोंडात घास असताना कुणी बोलावं तसा.
मग बाबली खोकला.
जरा जास्तच वेळ खोकला,
आणि रुमाल घडी घालून खिशात ठेवताना
आतली बाजू आत राहील असं बघितलं.

सकाळी रन संपला.
पॉवर तीन टक्क्यांच्या आत. साहेब खूश.
वस्तुमानाचा ताळा मी शेवटी बघते, सवयीनं.
आत टाकलं शंभर, हाती आलं एक्क्याण्णव.
नऊ कुठं गेले शोधावं लागत नाही, मीच घालवलेत.
पंचवीस मायक्रॉनखालचा कण प्रोग्राम पुसून टाकतो,
नाहीतर मशीन झोपतं.
अहवालात त्याला एक ओळ असते:
अतिसूक्ष्म अंश दुर्लक्षित.

दुर्लक्षित अंश काजूच्या पानांवर आहे,
वाळत घातलेल्या बांगड्यांवर, शाळेच्या पत्र्यावर.
शिरोड्याच्या मिठागरात यंदा मीठ गुलाबीसर आलं
असं घेणारे म्हणतात, विकणारे नाही म्हणतात.

मी पंचवीस खोडून पाच लिहिलं.
पडद्यानं विचारलं, अंदाजे वेळ चौसष्ट दिवस, पुढे जायचं?
नळावर बाबली हात धूत होता, पाणी बराच वेळ लालच.
पुण्याचा फोन वाजत होता.
पट्टीवर शून्य टक्के,
मग शून्य पूर्णांक एक.