तेवीस मिनिटं

तुर्भ्याच्या गाळ्यात दिवसा मी थर्मोकोल कापायचो,
रात्री ते चौघे यायचे.
चौघांचेही आधी आपापले बँड होते, बऱ्यापैकी गाजलेले,
म्हणून पोस्टरवर ‘सुपरग्रुप’ छापलं
आणि छपाईचे पैसे माझ्याकडून घेतले.

दिनार ठाकूर घणसोलीचा,
हळदीच्या बेंजो पार्टीत हात बसलेला.
आता सातात मोजायचा, अकरात मोजायचा.
आई दारातून विचारायची,
“यावर नाचाचा कसा रं?”
लेस्ली तीन मजली कीबोर्डामागे जवळजवळ दिसायचाच नाही.
जानकी विश्वनाथन बेसवर, बोलणं मोजकं.
आणि किर्पेकर,
ज्याला प्रत्येक ओळीत ब्रह्मांड लागायचं.

पहिल्या अल्बमची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं,
खाडीवरचं, तेवीस मिनिटांचं:
मिठागरं, भराव, सिडकोचे खांब,
आणि भरती, जी कुणाला विचारून येत नाही.
आठव्या मिनिटाला लेस्लीला ती सुरावट सापडली
तेव्हा मी कटर खाली ठेवला.
सकाळची ऑर्डर राहिली.

दुसरा अल्बम मोठा झाला, नुसताच मोठा.
तिसरा मिक्सिंगलाच अडला.
दिनार म्हणे ड्रम मागे गेले,
किर्पेकर म्हणे मी मागे गेलो.
सगळ्यांना एकदमच पुढे यायचं होतं
आणि गाळा अठरा बाय तीस.

शेवटचा कार्यक्रम ठाण्यात, तलावपाळीजवळच्या हॉलमध्ये.
चौदाव्या मिनिटाला वीज गेली.
अंधारात एकटा दिनार वाजवत राहिला,
ड्रमला कुठे प्लग असतो?
लोक श्वास धरून.
वीज आली
आणि तिघे तीन वेगळ्या मात्रांवर आत शिरले.

कोण चुकलं, यावर बँड मोडला.

लेस्ली ऑकलंडला. चर्चमध्ये वाजवतो म्हणे.
किर्पेकर तळोज्यातल्या वन बीएचकेच्या जाहिराती लिहितो,
त्यातही ब्रह्मांड येतं, पार्किंगसकट.
दिनार परत हळदीला.
गोठिवलीत एका मध्यरात्री त्यानं हळूच
सात मात्रा घुसवल्या,
बायका क्षणभर अडखळल्या, मग नाचल्या.
आईसुद्धा.

अकरा महिन्यांचं भाडं अजून बाकी आहे.
मागितलं नाही.
जानकी कधी नेरूळच्या भाजीबाजारात दिसते,
पिशवीच्या बंदावर बोटं चाललेली असतात.
कितीत मोजतेस, असं विचारावंसं वाटतं.
ती म्हणते, “थर्मोकोल कसंय?”
मी म्हणतो, बंदी आली.