दुसरी वेलांटी

तीमथ्य चपला न काढताच आत आला.
ऐरोलीचं हे सिडकोचं घर, दुसरा मजला,
जिथं पप्पा उंबऱ्यातल्या चपलांवरून
कोण आलंय ते ओळखायचे.
सकाळीच तो ठाण्याला दफनभूमीत जाऊन आला होता,
पाच महिन्यांनी, एकटा,
आणि दगड वाचून आला होता.

"माझं नाव कुठंय?"

मी पीठ मळत होते.
म्हणाले, जागा नव्हती.
म्हणाले, कळव्याचा गफूरभाई अक्षरामागे पस्तीस रुपये घेतो.
दर खरा होता. जागेचं खोटं.
चार बोटं मोकळी आहेत अजून
माझ्या नावाखाली, गुळगुळीत.
दगड बसवला त्या दिवशी मी तिथून हात फिरवला होता
आणि मला बरं वाटलं होतं.

मग तो बोलत सुटला.
आयसीयूचं बिल, आईच्या पाटल्या, माझं मोडलेलं लग्न,
पिशवी उपडी करावी
तसं सगळं ओट्यावर.
माझ्याकडंही होतं.
जिभेखाली एकच वाक्य, पाच महिने धार लावलेलं:
शेवटच्या रात्री पप्पा तीनदा दाराकडं बघत होते.
तेवढं म्हटलं असतं
तर तो तिथंच संपला असता.
आणि ते खरं होतं, हीच तर अडचण.

मी प्रार्थना केली असं कुणी समजू नये.
शब्द सुचले नाहीत. आमेनसुद्धा नाही.
त्याचा हात लागून डबा पडला,
फरशीभर ज्वारीचं पीठ,
आणि खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं
तिची ती बावळट शिट्टी
आम्ही दोघं ऐकत राहिलो.

मी खाली बसले.
तेव्हा तो आठवला,
दगड घेऊन आलेल्यांच्या मधोमध
वाकून धुळीत बोटानं लिहिणारा.
काय लिहिलं, कुणी टिपून ठेवलं नाही.
पप्पा संडे स्कूलला सांगायचे,
मुलांनो, काय लिहिलं ते सोडा, तो वाकला ते बघा.
भांडण उभ्याउभ्या होतं, वाकून होत नाही.
मला पटायचं नाही.
मी रोज वाकून केर काढते
आणि भांडतेही.

ते वाक्य विरघळलं वगैरे नाही.
गिळलं.
सुपारीच्या खांडासारखं घसा खरवडत गेलं.
बोट मात्र पिठात चाललं होतं आपोआप:
ति, मग म, मग थ्य.
"जागा आहे रे," मी खालमानेनं म्हणाले.
"मी मुद्दाम सोडलं तुझं नाव."

बराच वेळ मला फक्त त्याचे पाय दिसत होते.
खिडकीतून खाडीचा वास आला, ओहोटीचा, चिखलाचा.
मग पाय वळले. गेला, वाटलं.
दाराशी चपला काढल्याचा आवाज.
परत येऊन तो उकिडवा बसला,
पिठाकडं बघत राहिला.

"पहिली नाही, अक्का," तो म्हणाला,
"दुसरी वेलांटी.
मास्तरची पोरगी ना तू?"
आणि माझी चूक
अंगठ्यानं हळूच पुसली.

पीठ चाळून घेतलं, तरी भाकरीला कच लागली.
दोघंही काही बोललो नाही.
त्यानं तिसरी मागितली.