काळी तार

सहा दहा झालेत. नंदनवनच्या लेआउटमध्ये
कूलर अजून घरघरतायत, खसचा ओला वास गल्लीभर.
एप्रिलची शाळा सकाळची. सात पोरं सात फाटकांशी उभी असतील,
आणि मी चावी फिरवते तर
ओम्नीत काहीच होत नाही.
घर्र नाही, टक् नाही.
हाक मारावी आणि घरात कुणी नसावं, तसं.

शालिक उस्तादांना फोन लावला.
त्यांचं दुकान होतं तिथे आता पुलाचा खांब आहे,
आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
"कोण, संघमित्रा? घाबरू नको.
फोन गाडीच्या पोटापाशी धर आन् चाबी मार."
धरला. मारली.
पलीकडे कितीतरी वेळ फक्त त्यांचा श्वास.
"काहीच बोलली नाही व.
आता लाइट लाव. चाबी फिरवशीन तवा भिंतीकडे पाह्य."

समोर ढोबळ्यांची भिंत, तिच्यावर दोन पिवळी वर्तुळं.
चावी फिरवली. वर्तुळं तशीच,
जराही मरगळली नाहीत.
"मंद नाही झाले?"
"नाही."
"मंग बॅटरीले शिव्या देऊ नको. तिच्यापाशी हाय.
मागूनच नाही राह्यलं कोणी."

परवाच एकाने चार हजारांची नवी बॅटरी
गळ्यात मारली होती.
जुनी नुसती उचलून म्हणाला, गेली. मी मान डोलावली.
बाई आणि गाडी दोघी समोर उभ्या असल्या
की लोक बाईचंच निदान करतात.

सीट उचलली. टर्मिनल घट्ट, पांढरी भुकटी नाही.
"खाली घूस. स्टार्टरले पान्यानं टिचक्या मार,
झोपला असन तं उठन."
कालचा पेपर अंथरला, पाठ टेकली, दोन ठोके दिले.
वामनकर काका खिडकीतून: "धक्का देऊ का?"
नको म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले.
धक्क्यावर चालत राहिलेल्या गोष्टीचं
काय झालं होतं, ते कधी कळतच नाही.

"उठला?"
"नाही."
"मंग एकच उरलं. काळी तार पाह्य,
गिअरबॉक्सहून चेसीले गेली ते. येणीसारखी."

वेणी होती. पंधरा वर्षांचं तेल, धूळ,
आणि टोकाशी, नटाखाली,
एकच केस उरलेला.
बोट लावलं तर तोही सुटला.

"अर्थ गेला," उस्ताद म्हणाले.
"अर्थ नाही भेटून राह्यला इंजिनले.
बाकी समदं बराबर हाय."

मी पेपरवर पडल्यापडल्या हसले, डोळ्यात माती गेली तरी.
"काय झालं व?"
काही नाही, उस्ताद.

जम्पर केबलची काळी चिमटी: एक बॅटरीच्या उण्याला,
दुसरी इंजिनाच्या लोखंडाला, गंज खरवडून.
पोरं उतरली की नवी वेणी घ्यायची,
तोवर हे.

चावी.
खर्र, खर्र, आणि मग ती सगळी थरथर
सीटमधून मांड्यांत, मांड्यांतून दातांपर्यंत.
सहा एकतीस.

"बरं, ठेवते उस्ताद."
"थांब. ठेवू नको. आयकू दे जरासाक."

पहिल्या वळणावर श्रावस्ती उभी असेल,
तिची आई मला मनगटावरचं घड्याळ दाखवेल.
तरी मी फोन त्या उघड्या पोटाशी धरून
वाकलेलीच राहिले.
त्यांच्या अंगणात दोन वर्षांत
कुणाचंच इंजिन सुरू झालं नव्हतं.

मग हळूच, झोपलेल्या लेकराबद्दल बोलावं तसं,
"टॅपेट वाजून राह्यले व तुह्ये."