ऐंशीवर एक

तळाशीलला माझं घर वाळूच्या पट्टीवर.
पुढे समुद्र, मागे खाडी,
आणि मधल्या पडवीत दशावतारी कंपनीची पायपेटी,
पोट उघडून ठेवलेली.
सूर काढून वर्तमानपत्रावर मांडलेत ओळीने,
सुकत घातलेल्या पेडव्यांसारखे.

लवू चेंदवणकर सकाळी सांगून गेला,
"गंधार माका टोचता गो."
अठरा वर्षं तो तारामती होतो.
डोळ्यांत काजळ तसंच होतं.
मोबाइल लावून पाहिला मी: हिरवा दिवा.
मशीन म्हणतं बरोबर,
गळा म्हणतो नाही.

कानस धरायला मला इनासबाबने शिकवलं.
चर्चची पेटी आणि देवळाची पेटी
त्याच्या एकाच टेबलावर, एकाच खोकल्यात.
टोकाला घासलंस तर सूर चढतो,
मुळाशी घासलंस तर उतरतो,
घासलेलं पितळ मात्र परत लागत नाही.
म्हणून आधी ऐकायचं.
ऐकायचं म्हणजे लाटा मोजायच्या:
दोन सूर जवळ आले की भांडतात,
ववव... वव... व...
नांगरावरची होडी डुलते तसे.
डुलणं थांबेल तिथे हात थांबव.

एकदा अंगणात त्याने नारळ रचले, मोजून ऐंशी.
हा तंबोऱ्यातला गंधार, म्हणाला,
कुणी न छेडता खर्जाच्या पोटातून येतो तो.
आता सा-वरून पंचमावर जा,
तिथून त्याच्या पंचमावर, अशा चार उड्या मार,
आणि खाली ये. तोही गंधारच.
पण मोज.
एक्क्याऐंशी.
"हो येक नारळ खंय ठेवतलंस?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ,
तारेची पाऊणपट केली की मध्यम.
पागी लोकांचं गणित आणि बीनकाराचं एकच,
आणि दोन्ही थोडं इकडे-तिकडे.
बारा पंचम चढून घरी यावं
तर घर बोटभर पुढे सरकलेलं.
पंचांगवाले अधिक महिना घालून मोकळे होतात.
मी तेरावी पट्टी कुठे घालू?

म्हणून पेटीवाल्यांनी गाऱ्हाणं घातलं असणार:
बा देवा म्हाराजा,
बारा पट्ट्यांच्या, बारा वहिवाटीच्या,
जो काय वाढावा निघालो असात
तो बारांनी वाटून घेवचो,
कोणाक जास्त नको, कोणाक कमी नको.
व्हय म्हाराजा!
सगळे थोडे थोडे खोटे झाले
आणि कुणालाच फार दुखलं नाही.
फक्त गंधाराला. आणि लवूला.

मी मुळाशी कानस लावली.
तीन वेळा. फुंकर. ऐकलं.
आणखी एकदा.
संध्याकाळी लाटा थांबल्या. सा आणि गंधार
एका ताटात जेवायला बसले.
त्या रात्री आचऱ्याला लवूने आळवलं तेव्हा
चणे विकणारीही पुडी बांधायची थांबली.

तिसऱ्या रात्री त्याचा घसा बसला.
काळी दोनवरून पांढरी एक.
आणि मी ज्याला गंधार म्हणून खाली बसवला होता
तो आता भलत्याच घरचा पाहुणा.
जे सुंदर होतं तेच बेसूर, जागचं न हलता.
नारळ गेला नव्हता.
मी फक्त त्याची जागा बदलली होती,
तळाशीलची वाळू इकडून उचलली
की पावसाळ्यानंतर तोंडवळीत सापडते, तशी.

विंगेत उभी राहून मी मान खाली घातली.
पण पेटीवर बाबली मेस्त्री होता,
तोंडात पान, डोळे अर्धे मिटलेले.
तारामती त्या सुराशी आली
आणि बाबलीने बोट उचललं.
भाता चालूच. बाकीचे सूर चालू.
त्या एका जागी पेटी गप्प,
तिथे नुसता लवूचा फाटका गळा,
स्वतःचा गंधार स्वतः शोधणारा.

पहाटे पैसे देताना बाबली म्हणाला,
"तू परत घासू नको हां."
वर्तमानपत्रावरचा पितळेचा भुगा
मी अजून टाकलेला नाही.
चिमूटभर आहे. वजन होत नाही.