मुठीचा हिशेब

चूल पेटली की आधी देवाची मूठ,
मग आपलं.
आईनं शिकवलं. तिला तिच्या सासूनं.
भांड्यात तांदूळ पडायच्या आधी
एक मूठ बाजूच्या डब्यात.
आमच्या मिझो बोलीत तिला बुहफाइ थाम म्हणतात.
मूठ गच्च भर, आई म्हणायची,
देवाला मापताना बोटं आखडू नयेत.

शनिवारी आम्ही बायका पाठीला टोपल्या लावून
चढउतारानं घरोघर जातो, डबे रिकामे करतो.
लालबिआकीच्या डब्यात खडे,
छुआनीच्या डब्यात तांदळापेक्षा किडे जास्त.
तरी घेतो. निवडतो.
चर्चमागच्या खोलीत काटा आहे, वही आहे,
वहीत एकोणीस वर्षांचं माझं अक्षर.

त्या तांदळातून छपराचे पत्रे आले,
सिलचरहून ट्रकमधून घंटा आली,
आणि सागवानी व्यासपीठ, तीन पायऱ्यांचं:
बाराशे किलो, सुताराची मजुरी वेगळी.
त्या पायऱ्या मीच पुसते.
तिसरी पुसताना दुसरीवर उभी राहते.

रेमसांगी, माझी धाकटी,
चार वर्षं देवशास्त्र शिकून आली.
ग्रीक वाचते.
तिची पुस्तकांची पेटी आम्ही दोघींनी
जीपच्या थांब्यापासून वर उचलून आणली.
चर्चनं तिला लहान मुलांचा रविवारचा वर्ग दिला,
खडू आणि चित्रं.

उपा ह्रांगकिमा वाईट माणूस नाही.
माझा नवरा गेला त्या रात्री
गाणाऱ्यांसाठी पहाटेपर्यंत ढोल त्यानंच धरला होता.
तो म्हणाला, पोर हुशार आहे, पण रीत आहे.
रेमसांगीनं विचारलं, देवाची की गावाची?
त्यानं चष्मा काढून पुसला.
बराच वेळ पुसला.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी
मुठीचा हिशेब मी वाचते,
खाली, ढोलाशेजारी उभी राहून.
यंदा उठले, पदर नाही आमच्यात, पुआन सावरलं,
खिसे चाचपले, पिशवी चाचपली,
म्हटलं, चष्मा घरी राहिला. रेमी, तू वाच.

ती वाचू लागली.
मागच्या बाकावरून पु लियानछुंगा ओरडले,
नव्वदीचे, दोन्ही कानांनी गेलेले,
ऐकू येत नाही! वर जाऊन वाच!

कोणी हललं नाही.
दारातून धुकं आत येत होतं.
एक पायरी. दुसरी.
तिसरी करकरली, ती नेहमीच करकरते,
मला माहीत आहे ना, मी पुसते.

किलो वाचले, रुपये वाचले.
मग वही मिटून ती म्हणाली,
रानात मन्ना वेचला तेव्हा
कुणी भरभरून वेचला, कुणी चिमूटभर,
मापात घातल्यावर सगळ्यांचा सारखाच भरला.
हात कुणाचा, हे मापानं विचारलं नाही.
आणि कबर रिकामी आहे
हा पहिला हिशेब बायकांनीच आणून दिला होता.
तोही आधी कुणाला पटला नव्हता.

एवढंच.
ती उतरली.
पु लियानछुंगा म्हणाले, आता आलं ऐकू,
आणि शेजाऱ्याला विचारलं, कुणाचा मुलगा हा?

उपांच्या बैठकीत विषय निघाला,
पुढच्या बैठकीवर गेला.
तिथून त्याच्या पुढच्या.
ह्रांगकिमा परवा वाटेत भेटला,
खाली बघत म्हणाला,
ती तिसरी पायरी करकरते,
खिळा मारून घेतो.

नको, म्हटलं. राहू दे आवाज.

त्या रविवारी संध्याकाळी चूल पेटवली,
देवाच्या डब्यात हात घातला,
तळाशी चष्मा सापडला,
काचांना तांदळाची पांढरी धूळ.
पुसला नाही लगेच.
तसाच डोळ्यांवर चढवला
आणि मूठ भरली.